चुळीच्या बाई

आमच्या शाळंत कोनी बी साहेब, मॅडम आली की आधी खुर्ची हुडकायची. ह्या बाई आल्या आन् सरळ बोरच्या हापशावर गेल्या. ओंजळभर पानी तोंडात घेतलं, डोळं मिटलं, गाल फुगवून खळखळ इकडून तिकडं केलं आन् टाकून दिलं. मंग आडाची बादली शेंदायला लावली आन् त्या पान्याची बी चूळ भरली. हेडगुरुजी हार घेऊन हुबेच. बाई तोंड पुसत म्हनल्या, "गुरुजी, एका अंगणात दोन वेगळी पाणी आहेत की तुमच्याकडं!" हाराकडं बघितलं बी न्हाई. तवापासनं त्यांचं नाव पडलं चुळीच्या बाई.

त्या इद्यापीठाच्या केंद्रातल्या. पर्यावरनाचं केंद्र. गुरुजी लोकांना ट्रेनिंग द्यायचं त्यांचं काम. केडगावला गाडीतनं उतरायच्या, जीपनं फाट्यापत्तुर यायच्या आन् फाट्यापासनं वस्तीवर चालत. मी त्या शाळंत खिचडी शिजवते. माझी शाळा दुसरीत सुटली, मंग ऊसतोड, मंग लगीन, मंग मालक बी लवकर गेले. रडायला येळ न्हवता, दोन लेकरं व्हती. हात चुलीपाशी गेला तो तिथंच ऱ्हायला. म्हनून बाईंची आन् माझी गाठ पडली, न्हायतर मला कोन इचारतंय.

त्यांचं एक बोलनं ठरल्यालं. "सांगू नका, दाखवा." एक गुरुजी लई बोलनारे व्हते. पानी वाचवा, झाडं जगवा, असं घडघडा म्हनून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं आन् म्हनल्या, "छान. आता मला तुमच्या शाळेचं सांडपाणी कुठं जातं ते दाखवा." गुरुजी निम्मी शाळा फिरले. शेवटी माझ्यापाशी येऊन हळूच, "मावशी, कुठं जातं वो?" मी म्हनले, "तुमच्या गाडीखाली." खरंच तिथं चिखल झाल्ता. बाई एवढ्या हासल्या, का खालीच बसल्या. तशा त्या खालीच बसायच्या. खुर्ची दिली तर पिशवी ठेवायच्या तिच्यावर.

मला इचारलं, "मावशी, खिचडीला कुठलं पाणी घेता?"

"आडाचं. बोरच्या पान्यात डाळ शिजत न्हाई."

"किती वेळ लागतो?"

"घड्याळ कुठाय मला? आडाच्या पान्यात पोरांचं बेपासनं धापत्तुर पाढं होईस्तवर डाळ मऊ व्हती. बोरच्या पान्यात तीसचं पाढं झालं तरी टनक. चैत-वैशाखात आडाचं पानी बी जरा जड व्हतं, तवा दोन पाढं जास्ती घेती."

बाईंनी वही काढली आन् उभ्या उभ्या लिवलं. मंग मलाच म्हनल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आता काय सांगावं? भूक लागल्याली ऐंशी पोरं ताटं वाजवत्यात, ती शिकिवत्यात.

त्यांनी मला एक दोर दिला, हातहातभर अंतरावर गाठी मारल्याला, खाली दगड बांधल्याला. दर अवसेला, म्हैन्यातनं एकदा, आडात सोडायचा आन् पान्यापत्तुर किती गाठी कोरड्या ऱ्हायल्या ते पोरांकडनं लिवून घ्यायचं. "नोंद पाहिजे, मावशी. नोंद असली की कुणाला नाही म्हणता येत नाही." असं त्या म्हनायच्या. शिकल्याली मानसं अशी कागदावर इस्वास ठेवत्यात, मला तवा बी राग यायचा. नोंद आसून न्हाई म्हननारी मानसं मी जल्मभर बघितल्यात. पर दोर सोडायचे. एक बी अवस चुकवली न्हाई.

मंग केडगावला मोठं ट्रेनिंग झालं, तालुक्यातले चाळीसेक गुरुजी आन् बाया. मला घेऊन गेल्या. दोन शेगड्या, दोन पातेली, दोन कॅन पानी, एक आडाचं, एक बोरचं. म्हनल्या, "आज ह्या शिकवणार." एक गुरुजी मागनं वरडला, "मावशी, मग पगार बी आमचा घ्या!" मी म्हनले, "घेते की. तुम्ही भांडी घासा." सगळी हासली. मी पाढं म्हनायला लावलं. एवढाली मानसं, पेन खिशाला लावल्याली, बे एके बे म्हनत बसली. धाच्या पाढ्याला एका पातेल्यातली डाळ बोटानं चिरडली, दुसऱ्यातली खड्यावानी. डाळ चाटूनपुसून खाल्ली, फारम भरलं, फोटो काढला, सर्टिफिकेटं घेतली आन् गेली. पातेली मीच घासली. माझ्यासंगट बाई घासत व्हत्या, साडीचा काष्टा मारून. म्हनल्या, "ह्यातले चार जण जरी शाळेत करतील ना..." चार लई झाले, असं मला वाटलं व्हतं. आमच्याच शाळंतला जो एक गुरुजी मनानं करत व्हता, त्याची त्याच उनाळ्यात बदली झाली. ऱ्हायले हेडगुरुजी. त्यांचं सर्टिफिकेट काचंत घालून भितीवर लावल्यालं.

आन् त्याच हेडगुरुजींनी आड बुजवायचं काढलं. शाळा सुंदर करायची व्हती, बक्षीस व्हतं त्याला. अंगनात शिमिटाचे गट्टू बसवायचे, आन् पोरं आडात पडत्याल म्हनून मुरूम टाकून तो बुजवायचा. पान्याला फिल्टर यनार म्हनले. बाईंना मीच पोराच्या फोनवरनं कळीवलं. दुसऱ्याच दिशी हजर. म्हनल्या, लोखंडी जाळी बसवू, केंद्राकडनं देते, पर आड ठेवा. तालुक्यातले शिक्षक हितं बघायला येतील.

शाळंत मीटिंग झाली. सरपंच व्हते, त्यांना सगळी आप्पाच म्हनत्यात. बाईंनी वही उघडून गाठींचे आकडे वाचले, समद्या अवसांचे. आप्पा जांभई देऊन म्हनले, "मॅडम, आकडे बँकेत ठेवा. गावाला काय सांगताय ते सोपं सांगा." तवा बाई माझ्याकडं वळल्या. "मावशी, तुम्ही सांगा. डाळीचं सांगा."

मी उठले. पदर सावरला. तोंड उघडनार तवर आप्पा हासत म्हनले, "सांग की मावशे. पुढल्या साली खिचडीचं काम कुनाला द्यायचं, ते बी ह्याच मीटिंगात ठरायचंय म्हना."

मी खाली बघितलं. म्हनले, "मला न्हाई बाय काय ठावं. मी आपली शिजीवते."

सगळी मानसं बसल्याली, आन् त्या बाईंचं त्वांड मला दिसलं. रागावल्या न्हाईत. नुसती वही मिटली. चार दिसांत टेंपोनं मुरूम आला. दोन दिस लागले आड भराया. मी चुलीपाशी बसून आवाज ऐकत व्हते. आधी मुरूम पान्यात पडल्याचा आवाज यायचा, मंग मुरमावर मुरूम पडल्याचा.

बाई नंतर एकदाच आल्या. गट्टू बसले व्हते, वर रंगानं पानं-फुलं काढल्याली. त्या दिशी त्यांनी चूळ भरली न्हाई. माझ्यापाशी खाली बसल्या, च्या घेतला. म्हनल्या, केंद्रातलं काम संपलं, करार व्हता तेवढा, आता दुसरीकडं बघायचं. कुठं ते त्यांना बी ठाव न्हवतं. मी म्हनले, "बाई, मी बोलले न्हाई."

"चूक माझी, मावशी. तुम्हाला न विचारता सगळ्यांपुढं उभं केलं. तुम्हाला चूल चालवायची असते."

असं म्हनल्या. शिवी दिली असती तर मी चार दिस रडून मोकळी झाले असते. त्यांनी चूक बी सोताकडं घेऊन नेली, मला काय ठेवलंच न्हाई. म्हनून राग येतो. त्यांचा बी येतो. एवढी हुशार बाई, आन् चाळीस गुरुजींना शिकीवलं, पर एका आप्पाला काय सांगायचं ते ठाव न्हवतं. फाट्यापत्तुर घालवायला गेले. जीपमधी बसताना म्हनल्या, "दोर ठेवा." ठेवलाय. शेळी बांधते त्यानं.

फिल्टर एक पावसाळा चालला आन् बंद पडला. पोरं आता घरनं बाटल्या आनत्यात. मी बोरच्या पान्यात शिजीवते, सोडा टाकते, तरी डाळ टनक आन् गॅस संपतो म्हनून बोलनी मलाच.

परवा नवीन गुरुजी आलेत, तरनं पोरगं हाय, चांगलं हाय. अंगनात पोरं बसवून ट्रेनिंगचं पुस्तक वाचून दाखवत व्हतं. "एका शाळेतल्या स्वयंपाकी मावशी डाळ शिजायला लागणाऱ्या वेळेवरून पाणी ओळखत. आपणही आपल्या परिसरातले पाण्याचे साठे शोधू या." पोरं इकडं तिकडं बघाय लागली. मी हात पुसत भाईर आले.

"गुरुजी, ती मावशी मीच. आन् आड तुमच्या पायाखाली हाय."

गुरुजींनी पाय उचलला, कुनाच्या हातरुनावर पडल्यावानी. मी सगळं सांगितलं. धाच्या पाढ्याची डाळ, गाठीचा दोर, चुळीच्या बाई, मीटिंग, आप्पा काय म्हनले आन् मी काय म्हनले ते बी. पैल्यांदाच. हेडगुरुजी दारात येऊन हुबे ऱ्हायले, तरी थांबले न्हाई. एक पोरगी खाली वाकली आन् गट्टूला कान लावला.

"मावशी, पानी वाजत न्हाई."

"कसं वाजंल गं. मुरूम हाय समदा."

मंग आत आले. पोरांचं तीसचं पाढं झालं असतं एवढा येळ गेल्ता. झाकन काढून डाळ बोटानं दाबून बघितली. टनक व्हती. परत झाकन ठेवलं आन् बसले.