सहादूमामांची मुलाखत

आमच्या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात एकोणीस वर्षांत सहादूमामांच्या जेवढ्या मुलाखती झाल्या, तेवढ्या एखाद्या मंत्र्याच्याही झाल्या नसतील. आणि त्यातली एकही शिल्लक नाही. कुणी पुसल्या? मी पुसल्या. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

सहादूमामा आमच्या स्टुडिओचे शिपाई. मूळ हरसूलचे, राहायला नाशिक रोडला. किल्ल्या त्यांच्याकडे, दिव्यांची बटणं त्यांना पाठ. दर जुलैत नवी पोरं कॅमेरा हातात घ्यायची आणि समोर बसवायला माणूस हवा असायचा. मी ओरडायचे, "मामा, बसा हो खुर्चीत!" मामा टोपी सारखी करून बसायचे. आधी पांढरा कागद तोंडापुढे धरायचे. कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवल्याशिवाय बाकीचे रंग खरे येत नाहीत. मग कागद खाली, आणि पोरांचे तेच प्रश्न: नाव काय, गाव कुठलं, लहानपण कसं गेलं.

मामा दर वर्षी मन लावून सांगायचे. उतारावरची नागलीची शेती, आईच्या मागे बाजाराला चालत जाणं, शाळा का सुटली ते. पोरं फोकस बघायची. मी हेडफोन लावून आवाज फाटतोय का तेवढंच बघायचे. एकोणीस वर्षं ऐकलं, पण त्यांच्या आईचं नाव विचाराल तर मला सांगता येणार नाही. आणि मी शिकवते काय, तर मुलाखत! लाज वाटते.

सरावाचं चित्रण ठेवायचं नाही, हा नियम माझाच. संध्याकाळी कार्ड रिकामं, सकाळी दुसरा गट. मामांनी एकदा विचारलं होतं, "म्याडम, माझं बोलणं राहातं ना मशीनमधी?" मी घाईत होते. "राहतं हो मामा, जातंय कुठे!" म्हटलं आणि वर्गावर गेले. मामा खूश झाले होते.

मार्चमध्ये मामा गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी कुसाबाई विभागात आल्या. पिशवीतून मुलाचा मोबाइल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"ते सांगायचे, माझं समदं बोलणं म्याडमनी जपून ठिवलंय. घरी फोटो लय हायेत, बाई, पर फोटो बोलत नाय. यात भरून द्या."

एरवी माझी जीभ कुणाला सोडत नाही. "शोधते," एवढंच म्हणाले.

आठ दिवस शोधलं. जुने संगणक उघडले, जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. "मॅडम, तुम्हीच तर डिलीट करायला लावायचात," आता वृत्तवाहिनीत असलेली सायली म्हणाली. खरंच बोलत होती बिचारी, तरी मी तिच्यावरच खेकसले.

शेवटी कपाटातल्या एका जुन्या हार्ड डिस्कवर अकरा सेकंदं सापडली. कुसाबाईंना बोलावून आधी सगळं खरं सांगितलं. माझा नियम, माझी थाप, सगळं. त्या पडद्याकडे तोंड करून बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चित्रण लावलं.

पडदाभर पांढरा कागद. दोन्ही कडांना मामांची बोटं, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. कागदामागून आवाज आला, "जमलं का? घिऊ खाली?" मग माझा आवाज, "थांबा मामा, घाई काय आहे?" संपलं. चेहरा नाहीच.

"बोटं त्यांचीच हायेत," कुसाबाई म्हणाल्या. "परत लावा."

मी परत लावलं. आणखी एकदा लावलं. चौथ्या वेळी त्या उठून पडद्याजवळ गेल्या.

"जमलं का? घिऊ खाली?" मामांनी विचारलं.

"जमलं," कुसाबाई पडद्याला म्हणाल्या. "घ्या आता खाली."

आणि लगेच माझा आवाज आला, "थांबा मामा, घाई काय आहे?"