बुधीताईची डबी

बुधीताईचा खोकला मी दोन महिने फोनवर ऐकला.
आणि विचारत राहिले, "ताई, आज किती सॅम्पल?"

टीबीचे पेशंट शोधायचा पगार घेते मी.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी किन्हवलीची. एका संस्थेत टीबीच्या कामाची सुपरवायझर, मुरबाडच्या वाड्या माझ्याकडे. बुधीताई सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली आमची व्हॉलंटियर. शाळा दुसरीपर्यंत. फॉर्म मी भरायचे, माणसं ती शोधायची.

कुणाचा खोकला पंधरा दिवस हटत नाही, कुणाला संध्याकाळी ताप भरतो, कुणाची चोळी अंगावर सैल झाली, सगळं तिला ठाऊक.

सकाळीच जाऊन थुंकीच्या तपासणीची डबी हातात द्यायची. "नुसती थुकी नको रे. छातीतून काढ."

मग त्या डब्या पिशवीत घालून धसईपर्यंत चालत. तिथून एसटीने मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात.

पिशवीत काय आहे ते कळलं की एसटीतल्या बायका बाजूला सरकायच्या. ही हसायची. "बरं हाय गो, ऐसपैस बसायला मिलतं."

तिने शोधलेल्यांत एक अंगावर पाजणारी आई होती. औषधाने मळमळतं म्हणून गोळ्या टाकून द्यायची. ताई सहा महिने रोज तिच्या दारात गेली. गोळी गिळेपर्यंत हलायची नाही.
ती बाई आज ठणठणीत आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एकदा धसईच्या स्टँडवर ताई भेटली. मी तिला ओळखलंच नाही. गालाची हाडं वर आलेली. दोन पावलं टाकली की थांबत होती.

"ताई, तुमची डबी कधी दिलीत?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ताई?"

"माझी दिली नि तसा रिपोर्ट आला, तर वाडीत बोंब व्हईल. टीबीवालीच डब्या वाटत फिरते म्हनतील. मंग एक तरी दार उघडंल का?"

"आणि तुमचं काय?"

"माझं बघू गो. भात झोडून व्हऊ दे."

मी तिथूनच तिला मुरबाडला नेलं. भांडून, अक्षरशः दंडाला धरून.

रिपोर्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून मला दाखवला. दोन्ही फुप्फुसं गेली होती. औषध लगेच सुरू झालं, पण अंगात ते झेपायला काही उरलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी गेली.

लोक म्हणतात, तिचं काम पुढे न्या.
कुठे नेऊ?

तिच्या घरातल्यांची तपासणी करायला गेले तर सुनेने डब्या परत दिल्या. "आमच्याकडं कोनाला काय नाय. तुमी येऊ नका." कडेवर तिचं तीन वर्षांचं पोर होतं. त्याचं वजन तरी करू दे म्हटलं. नाही म्हणाली.

नवीन व्हॉलंटियर मिळाली नाही. कुणी तयारच होत नाही.

गेल्या महिन्यात त्याच वाडीतला एक बाप्या थेट रक्ताची उलटी झाल्यावर मुरबाडला आणला. वाचला नाही.

मी त्याच्या बायकोला विचारलं, "एवढे महिने खोकत होता, कळवलं का नाहीत?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बुधीच्या मयताला किती जना आली, तुमी बघलं ना?"

बघितलं होतं.
खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, म्हणून आमच्या जीपचा ड्रायव्हर पुढे झाला.
ती पाजणारी आईसुद्धा दाराआडून बघत होती. बाहेर आली नाही.



बुधीताई, तुम्हाला उशिरा विचारलं.
माफ करा.

तुमची आठवण काढणारी मी एक आहे. एवढीच श्रद्धांजली माझ्याकडे आहे, ती घ्या.