आईच्या पंचाहत्तरीचं टेबल

माझी आई आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवली आणि गारच जेवली. हे मी कौतुकानं सांगत नाही. आमच्या नातेवाइकांत अशा बायकांचं फार कौतुक होतं. त्यांना अन्नपूर्णा म्हणतात आणि त्या गेल्या की डोळे पुसतात. मला त्या शब्दाचा राग येतो. जिच्या वाट्याला रोज पातेल्याच्या तळाचं खरवडलेलं येतं तिला अन्नपूर्णा म्हणायचं, म्हणजे थट्टाच झाली.

२००५ च्या उन्हाळ्यात आई अमरावतीहून आमच्याकडे आयर्लंडला आली. डब्लिनच्या पश्चिमेला, ल्यूकनमध्ये आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी घरी, मुलगी तिथल्या शाळेत. आठवड्याच्या आत आईनं माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हळदीचा डबा कुठे आहे असं तिनं नातीला विचारलं की नात म्हणायची, "आजी, इट्स इन द प्रेस." तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात हे आईला चार दिवसांत पाठ झालं. पुढे ती मलाच सुनवायला लागली, "साखर प्रेसमधी ठेवत जा, मुंग्या लागतील." तिथल्या घरात मुंग्या दिसत नाहीत हे तिला पटत नव्हतं.

जेवायला मात्र ती बसायची नाही. टेबलाला खुर्च्या चार, घरात माणसं चार, तरी एक खुर्ची कायम रिकामी. तव्यावरची पोळी जावयाच्या ताटात, मग नातीच्या, मग माझ्या. मी पोळ्या आधीच करून ठेवल्या तर ती त्या पुन्हा एकेक गरम करायला उठायची. "आई, बस," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुमचं होऊ दे." बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ज्यांच्या ताटासाठी ती थांबायची ते राहिले नव्हते, पण थांबायची सवय काही गेली नव्हती.

जुलैमध्ये तिला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी, म्हणजे ल्यूकनच्या चार घरांनी आणि शहराच्या उत्तरेकडच्या सँट्रीच्या दोन घरांनी, परस्पर ठरवून टाकलं की वाढदिवस आमच्या घरी करायचा. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. सँट्रीची मैत्रीण उत्साहानं म्हणाली, "काकूंच्या हातच्या पाटवड्या मात्र हव्यात हं." म्हणजे ज्या बाईचा वाढदिवस तिनंच पहाटे उठून बेसन घाटायचं. मी फोनवरच सांगितलं, घरी काहीही होणार नाही, आम्ही बाहेर जेवायला जाणार आहोत. ती म्हणाली, "बरं बाई, तुमचं तुम्ही बघा." त्यानंतर तिनं महिनाभर फोन केला नाही, आणि मीही केला नाही.

नवऱ्याचं म्हणणं होतं, बाहेरच जायचं तर गावातल्या एखाद्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये जाऊ. आईला खाता तरी येईल. हा प्रयोग आम्ही तिच्या येण्याच्या दुसऱ्याच आठवड्यात करून बघितला होता. टेबलाच्या मध्ये डाळ आली, भाजी आली, भात आला, आणि आई जी उभी राहिली ती राहिलीच. तिनं वेटरच्या हातातला डाव घेतला, तिघांना वाढलं, शेजारच्या टेबलावरच्या पोराला पापड दिला. तो बिचारा वेटर हात बांधून उभा. आई शेवटी बसली तेव्हा डाळीवर साय धरली होती.

तेव्हाच मला कळलं होतं की मध्ये भांडं आलं की खेळ संपला. मला असं ठिकाण हवं होतं जिथे स्वयंपाकी आत ताट सजवतो आणि एकेकाच्या पुढे एकेक ताट येतं. वाढायला डाव नाही, उचलायला पातेलं नाही. तिथे ती कुणाला काय वाढणार? नवरा म्हणाला, "म्हणजे तू फाइन डायनिंग शोधतेयस ते तिला डांबून ठेवायला." मी म्हटलं, "हो." तो हसला. मी हसले नाही. मला एकदाच, फक्त एकदाच, तिला पहिल्या घासापासून वाफाळतं अन्न खाताना बघायचं होतं.

त्या वर्षांत डब्लिनमध्ये पैशाचा पूर आला होता आणि अशी रेस्टॉरंटं भराभर निघत होती. फोन करायला लागले. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, एवढं ऐकलं की पलीकडचा माणूस थांबायचा. एकानं सूप सुचवलं. मी विचारलं, कशाचं? भाज्यांचं. शिजवता कशात? कोंबडीच्या पाण्यात, पण त्यात तुकडे नसतात. दुसरीकडे म्हणाले बकरीच्या दुधाच्या चीजचं काहीतरी देऊ, तिसरीकडेही तेच, चौथीकडेही तेच. शाकाहारी माणूस दिसला की त्याच्या पुढे बकरीचं चीज ठेवायचं असा त्या देशात बहुधा कायदा होता.

फोनवर माणसं लवकर सुटतात म्हणून मी बसनं शहरात जाऊन समोर उभी राहायला लागले. एका जुन्या उंच घराच्या तळघरात अतिशय नावाजलेलं रेस्टॉरंट होतं. तिथला काळ्या कोटातला माणूस माझ्या अनोरॅककडे, म्हणजे टोपीच्या पावसाळी जाकिटाकडे, बघत म्हणाला की आमचे शेफ कुणासाठी मेनू बदलत नाहीत. मी म्हटलं, "माझी आई पंचाहत्तर वर्षं दुसऱ्यांच्या आवडीचं रांधतेय. तुमच्या शेफला एक संध्याकाळ जमत नसेल तर तो कसला शेफ?" इंग्रजीत भांडताना माझी क्रियापदं घसरतात, पण त्याला समजायचं ते समजलं. त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी बाहेर पडले आणि तशीच पुढच्या गल्लीत गेले.

तिथे नदीच्या बाजूला मोठी खिडकी असलेलं एक लहानसं ठिकाण होतं. मालकीण स्वतःच काउंटरवर होती, पन्नाशीची, चष्मा केसांत खोचलेला. तिनं माझी नाही-नाहीची यादी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "दॅट्स ग्रँड, पण त्यांना आवडतं काय?" ठीक आहे म्हणायला तिकडे ग्रँड म्हणतात.

मला सांगता येईना. घरी येऊन मी अमरावतीला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आईला? सगळंच आवडतं की." नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला गोळाभात. गोळाभात त्याला आवडतो, म्हणून ती करते. शेवटी मी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "मला काय, काहीही चालतं." मला संताप आला. तो एकट्या तिच्यावर नव्हता. सगळ्यांची आवडनिवड जिला तोंडपाठ, तिची आवड अख्ख्या खानदानात एकालाही ठाऊक नसावी? दुसऱ्या दिवशी मी त्या मालकिणीला फोन करून सांगितलं, काय आवडतं ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. तुम्ही काहीही करा, फक्त तिच्यापुढे ताट येईल तेव्हा त्यातून वाफ निघाली पाहिजे. ती म्हणाली, "तेवढं मी बघते." मी टेबल ठरवून टाकलं.

आई त्या दिवशी मोतिया रंगाची साडी नेसली, वर नातीचा स्वेटर. संध्याकाळ होती, पण तिकडचा जुलै, सगळीकडे चांगला लख्ख उजेड होता. पांढरा टेबलक्लॉथ बघून ती कुजबुजली, "कशाला एवढं करून राहिलीस? घरी शिरा केला असता." मी तिला खिडकीपाशी, भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी. उठायचं म्हटलं तर आमच्यापैकी एकीला उठवल्याशिवाय इलाज नव्हता.

पहिल्यांदा सूप आलं. वेटर वयस्क होता, केस पांढरे. त्यानं सर्वांत आधी आईच्या पुढे बाऊल ठेवला, मग माझ्या, मग मुलीच्या, सर्वांत शेवटी माझ्या नवऱ्याच्या. तिकडची रीतच ती. आई एकदम कावरीबावरी झाली. "जावईबापूंना शेवटी? असं कसं?" म्हणत तिनं आपला बाऊल टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. वेटरनं तो अदबीनं पुन्हा तिच्यापुढे आणून ठेवला. तिनं पुन्हा सरकवला. मग मुलीला मिरपूड हवी का, माझ्याकडे पाव पोचला का, जावयाला नॅपकिन मिळाला का, हे सगळं होईपर्यंत तिच्या सुपावरची वाफ गेली. आमचे बाऊल रिकामे झाल्यावर तिनं चमचा उचलला. "छान आहे," म्हणाली. गारच होतं ते.

माझं डोकं फिरलं. एवढी वणवण केली, कुणाशी भांडले, कुणाशी अबोला धरला, आणि ही इथेसुद्धा शेवटचीच. मी म्हटलं, "आई, इथे तुला वाढायला बोलावलेलं नाही. आज तू पाहुणी आहेस. मुकाट्यानं आधी जेव." माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवली. आईनं ओठ घट्ट मिटले. "तू मला जेवायला शिकवून राहिलीस?"

मग माझा नवरा, ज्याचा या सगळ्या प्रकाराला पहिल्यापासून विरोध होता, तो हात मांडीवर ठेवून म्हणाला, "आई, पुढचं ताट आलं की तुम्ही सुरुवात केल्याशिवाय मी खाणार नाही. आणि मला फार भूक लागली आहे." जावई उपाशी राहणार म्हटल्यावर तिचा नाइलाज झाला. मला त्याचा इतका लोभ क्वचितच वाटला असेल.

ताटं आली. आईच्या ताटात बटाट्याची जाड टिक्की होती, तिच्यावर हिरवे मटार, कडेनं लोण्यात परतलेली मसूर. भरपूर वाफ येत होती. आईनं आमच्याकडे एकदा बघितलं, चमच्यानं टिक्कीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तिनं तो घास सावकाश चावला, गिळला आणि चमचा खाली ठेवला.

"यात मीठ कमी आहे."

नवरा दबल्या आवाजात म्हणाला, "आई, अशा ठिकाणी तसं सांगत नाहीत." पण माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधणारीनं चव घ्यायची नाही. त्यामुळे मीठ कमी की जास्त ते आधी बाबा सांगायचे, मग काका, मग भाऊ, आणि ती मिठाची वाटी घेऊन धावायची. तिची पाळी येईपर्यंत सांगण्यासारखं काही उरायचं नाही, आणि सांगायला समोर कुणी बसलेलंही नसायचं. तिच्या तोंडून अन्नाला नाव ठेवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी हात वर करून वेटरला बोलावलं आणि आईनं म्हटलं तसं, एक अक्षरही मऊ न करता, इंग्रजीत सांगितलं. तो आईकडे बघून किंचित वाकला आणि तिचं ताट आत घेऊन गेला.

आता आमच्या तिघांपुढे भरली ताटं होती आणि तिच्यापुढे नुसता पांढरा टेबलक्लॉथ. "तुम्ही खा ना," आई म्हणाली. "गार होऊन राहिलं."

नवऱ्यानं हात मांडीवरून काढले नाहीत. मी काटा उचलला नाही. मुलीला मटार फार आवडतात, तिचा जीव ताटात अडकला होता, पण ती आजीला म्हणाली, "नो, आजी. वी आर ग्रँड." आई तिच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत मागे टेकून बसली.

बऱ्याच वेळानं आईचं ताट आलं. आत सगळं नव्यानं केलेलं होतं, मसूर अजून खदखदत होती. आईनं एक घास घेतला. "हं, आता बरोबर," म्हणाली आणि दुसरा घास मोडला, मग तिसरा. आमच्या पानांतलं तोवर पार गारढोण झालं होतं. ते तिनं विचारलंही नाही. ती जेवत होती.