गणपती झाले की जाऊ

धबधब्यासमोर उभं राहून फोटो काढून घेणारी माणसं मी जन्मभर बघितली. त्यातली निम्मी धबधब्यांच्याच गावातली. पायाला चिखल, छत्रीतून पाणी गळतंय, आणि माझ्या रोह्याच्या स्टुडिओत येऊन म्हणायची, दत्तूशेठ, धबधब्याचा पडदा लावा. मी लावायचो. आपलं काय जातं? बायजा नावाची एक म्हातारी तर पडद्याच्या पाण्याला हात लावून बघायची आणि हात पदराला पुसायची.

हा पडदा विठू पेंटरने रंगवलेला. विठू मूळचा पेणचा, पोरवयापासून गणपतीच्या कारखान्यात. आधी माती मळली, मग मूर्ती घासल्या, मग सोवळ्याला रंग मारले, आणि मिसरूड फुटल्यावर मालकाने त्याच्या हातात आखणीचा कुंचला दिला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. कारखान्यात माणसं कितीही असोत, डोळे एकाच हाताचे. आणि ते सगळ्यात शेवटी. रंग झाला, दागिने झाले, सोनेरी झाली, तरी डोळे काढल्याशिवाय मूर्ती जागची हलत नाही. म्हणजे सगळा कारखाना शेवटी विठूच्या हातापाशी येऊन थांबायचा. लोकांना वाटायचं केवढा मान. असेल मान. पण मान मिळालेल्या माणसाला सुट्टी मिळत नाही, हे कुणी बघत नाही.

दिवाळीनंतर कारखान्यात साचे भरायचं काम चालायचं. त्यात विठूचं काही नसे. मग तो बायकोला, सरूला घेऊन रोह्याला यायचा, गावाला लागूनच वरश्यात खोली घ्यायचा आणि उन्हाळाभर दुकानांच्या पाट्या, नाटकांचे पडदे, माझे पडदे रंगवायचा. जिना, बाग, ताजमहाल, सगळं त्याने केलं. पण चालला तो धबधबा. एका जुन्या कॅलेंडरवर बघून काढलेला. मागे बर्फाचे डोंगर, मधून पांढरंशुभ्र पाणी, खाली तळं, तळ्यात दोन हंस. आमच्या कुलाबा जिल्ह्यात बर्फ कुठून आला, असं मला एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

पडदा पुरा झाला तेव्हा मी खुशीत होतो. त्या दोघांचा लग्नातला फोटो नव्हता, ते मला माहीत होतं. म्हटलं, "सरूवहिनी, या इकडं. पहिला फोटो तुमचा दोघांचा."

सरू पडद्यासमोर आली आणि उभी राहायचं सोडून मागे वळून बघत बसली. "ह्यो कुठचा वो?"

"कॅलेंडरवरचा आहे. परदेशातला असेल."

"एवढं पाणी पडतंय, नि दगड कोरडा कसा?"

विठू कुंचले रॉकेलमध्ये बुडवत होता. मान वर न करता म्हणाला, "अगो, पडदा हाय तो."

"व्हय. म्हणून तर. माज्या म्हायेरच्या डोंगराव खरा धबधबा हाय. तिथं काढू दोघांचा. याच्याम्होरं मी नाय उभी ऱ्हात."

कोलाडच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याला तिचं माहेर. विठूने कुंचला फडक्याला पुसला. "बरं. गणपती झाले की जाऊ."

आता यातली गोम बघा. आपल्याकडचा धबधबा म्हणजे आषाढ आणि श्रावण. भाद्रपदाअखेर त्याची करंगळीएवढी धार होते. आणि आषाढ-श्रावणात पेणच्या आखणीवाल्याला जेवायला फुरसत नसते. पाऊस इथे धो धो पडत असतो आणि हा मांडीवर मूर्तीचं तोंड धरून श्वास रोखून बसलेला असतो. गणपती झाले म्हणावं तर लगेच नवरात्राच्या देवी. त्यांनाही डोळे लागतातच. दसरा झाला की डोंगर सुकलेला. हे विठूला कळत नव्हतं असं नाही. पण दर वर्षी तो तेच बोलायचा, आणि दर वर्षी बोलताना त्याला ते खरंच वाटायचं. मला मात्र चीड यायची. मी त्याला तोंडावर सांगायचो, "अरे, तू काय तिला पोरगी समजतोस?" तो हसायचा. दमलेला माणूस हसतो तसं. त्याच्याशी भांडण होऊच शकत नसे, हा एक ताप होता.

एका वर्षी दसऱ्यानंतर दोघं खरोखर जाऊन आली. मी सोबत नव्हतो, विठूनेच सांगितलं. वर चढले तर नुसता कातळ. त्यावर वरपासून खालपर्यंत एक काळा ओघळ. विठूने विचारलं, "हितं पडतं?" सरू म्हणाली, "हितंच पडतं." दोघं तिथे बसली, भाकरी खाल्ली आणि उतरली. सांगताना विठू म्हणाला, "जागा चांगली हाय."

अशी बरीच वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही. सरू पावसाळ्यात पेणला त्याच्याच कारखान्यात सोनेरी लावायला बसायची, उन्हाळ्यात वरश्याच्या खोलीत. फोटोचा विषय दर वर्षी एकदा निघायचा आणि मिटायचा.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वैशाखात दोघं पेणला परत निघाली होती. माझ्या दुकानात चहा घेताना सरू म्हणाली, "यंदा नाय झालं तर मी काय पुन्ना विचारायची नाय. मागून मागून कटाळा आलाय मला." रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर विठूने ते मनावर घेतलंच नसतं. या वेळी त्याने बशी खाली ठेवली. मालकाशी बोलून त्याने श्रावणातला दिवस ठरवला, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा. आदल्या रात्रीपर्यंत मुंबईच्या मूर्ती संपवायच्या, त्यांचा ट्रक ठरल्या दिवसानंतर येणार, मधला एक दिवस विठूचा. मालक हो म्हणाला. विठूने मला पोस्टकार्ड टाकलं की कॅमेरा घेऊन कोलाडच्या स्टँडवर ये.

मी दुकान बंद ठेवून गेलो. नाक्यावरच्या हॉटेलात सरू आधीच येऊन बसली होती. सणाला माहेरी आली होती ती. हिरवं लुगडं, अंबाड्यात सोनटक्का. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत विठूचा इस्त्रीचा सदरा, भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. "ते कामावरनं तसेच येतील, रंगानं बरबटलेले," ती म्हणाली. "फोटोत तरी बरे दिसाय नकोत?"

पेणची एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. आम्ही चहावर चहा घेत होतो. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर खाली उतरला आणि हॉटेलवाल्याला विचारू लागला की रोह्याचे फोटोवाले कोण. मी हात वर केला. तो म्हणाला, "विठू पेंटरचा निरोप हाय. मुंबईचा ट्रक आजच आला. डोळे ऱ्हायलेत. तो नाय येत."

खरं सांगतो, त्या क्षणी विठू समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. एवढा राग मला माझ्या मुलाचाही कधी आला नाही. पण सरूकडे बघून मी आवाज खाली आणला. "जाऊ दे वहिनी. पुढच्या खेपेला बघू."

तिने बशीतला चहा पिऊन संपवला. पदराने तोंड पुसलं. "पुढच्या खेपेला म्हणू नका, भावजी. ह्ये बी तेच म्हनतात." मग पिशवी उचलून उभी राहिली. "फिलीम आणलीय ना? मग चला."

आम्ही चढलो. वाट कसली, शेवाळ नुसतं. ती पुढे, मी कॅमेरा कोटाखाली धरून मागे, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आवाज आधी आला, मग वाऱ्याबरोबर तुषार आले, मग एका वळणावर ते पाणी दिसलं. मी एवढी वर्षं त्या पडद्यासमोर दिवे लावले, पण मला कल्पना नव्हती. त्याच्याकडे धड बघताच येत नाही. डोळ्यात पाणी जातं, शेजारच्याचं बोललेलं कळत नाही. कातळ काळाकुट्ट, ओला, चकाकणारा. सरू काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. ती रडत होती की तोंडावर पाणी होतं, तेही कळलं नाही. मला वाटतं रडत होती.

मी भिंग पुसत, छत्री खांद्यात अडकवून कशीबशी जुळणी केली. ती एका कडेला जाऊन उभी राहिली. मी हाताने खूण केली, मध्ये या. तिने मान हलवली. मी पुन्हा खूण केली. ती हलली नाही. एवढ्या पावसात हट्टाला पेटलेल्या बाईशी कोण वाद घालणार? मी बटण दाबलं.

अंधाऱ्या खोलीत फोटो धुतला तेव्हा कळलं. ती उगाच कडेला नव्हती. तिच्या शेजारी बरोबर एक माणूस उभा राहील एवढी जागा तिने सोडली होती. हातात ती सदऱ्याची पिशवी. मी कागद पाण्यात तसाच ठेवून बाहेर येऊन बसलो. वाईट वाटलं मला.

विसर्जन झाल्यावर विठू रोह्याला आला, एका दिवसापुरता. डोळे लाल, बोटांच्या पेरात काळा रंग. सरू त्याच्या बरोबर होती. मी फोटो त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला.

"दगड वला हाय," तो म्हणाला.

मग त्याने मला जवळ बोलावलं. आमच्या धंद्यात तेव्हा एक काम चालायचं. गिऱ्हाइकं लग्नाचा ग्रुप फोटो आणायची आणि सोबत वारलेल्या बापाचा जुना फोटो. आम्ही बापाला कापून ग्रुपमध्ये बसवायचो, कडा ब्रशने मिटवायचो, पुन्हा फोटो काढायचो. कडा मिटवायला मी विठूलाच बसवायचो. त्याचा हात असा की जोड दिसायची नाही.

विठूने मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "दत्तूशेठ, मला हितं जोड ना. माझा एक फोटो काढ आत, सदरा घालतो. कडा मी मिटवीन."

मी हो म्हणणार होतो. काय हरकत होती? तेवढ्यात सरू मागून म्हणाली, "नको."

"का गो?"

"जोडतात ते मेलेल्यांना. जिता माणूस चालत येतो."

तिने ते शांतपणे सांगितलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. त्या दिवशी विठू मला पहिल्यांदा म्हातारा दिसला. नंतर त्याने फोटो माझ्याकडे परत दिला आणि म्हणाला, "कपाटात लाव. चांगला आलाय."

मी तो दर्शनी कपाटात लावला. सरूने तिचं बोलणं पाळलं, विषय पुन्हा काढला नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी विठूनेच तिला विचारलं म्हणे, "यंदा जायचं का?" ती म्हणाली, "आता गुडघे नाय चढत." बाकी त्यांचा संसार होता तसा चालला. ती त्याला वेळेवर जेवायला वाढायची, त्याच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालायची. फक्त विठूने त्या फोटोनंतरच्या उन्हाळ्यात माझ्या पडद्यावरचे दगड काळे करून टाकले. हंसही पुसला एक. गिऱ्हाइकं कुरकुरली. मी म्हटलं, घ्यायचा तर हाच आहे.

फोटो काळा-पांढरा होता, त्यामुळे कपाटाच्या काचेतून बघणाऱ्याला तो हमखास पडदा वाटायचा. पेंटरच्या बायकोचा फोटो, मग पडदाच असणार. "हा कुठला पडदा? फार जिवंत केलाय." मी समजावून कंटाळलो.

एकदा ऐन लग्नसराईत धाटावच्या कंपनीतला एक पोरगा नवी बायको घेऊन आला, शिफ्ट सुटल्यावर, मोटरसायकलवरून. विठू कोपऱ्यात पाटी रंगवत बसला होता. मुलीने काचेवर बोट ठेवून सांगितलं, आम्हाला या पडद्यापुढं काढायचाय. मी तोंड उघडायच्या आत विठू उठला.

"पडदा नाय तो, बाय. खरा हाय," तो म्हणाला. मग त्याने त्यांना सगळी वाट सांगितली. कोलाडला उतरायचं, हायवे सोडून डाव्या अंगाला वळायचं, देवळामागून पायवाट धरायची, पहिल्या ओढ्याशी फसायचं नाही, वर जात राहायचं, आवाज येईस्तोवर. "पण श्रावणात जा. दोघंबी जा. उशीर करू नका. दसऱ्यानंतर काय ऱ्हात नाय तिथं."

मुलगी मन लावून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही कितीदा बघितलाय?"

विठू फोटोतल्या सरूच्या शेजारच्या जागेकडे बघत होता.

"जागा बघितलीय," तो म्हणाला. "पाणी नाय बघितलं. त्या दिवसांत गणपती असतात."

मग तो जाऊन पुन्हा पाटीपुढे बसला, आणि त्या दोघांसाठी पडदा मी लावला.