एकोणिसाव्या नंबरची वैमानिक

अख्ख्या विश्वात सर्वांत बलवान कोण, हा प्रश्न दोन हजार दोनच्या सुमारास नाशकात, सिडकोतल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी सोडवला जायचा. सोडवणारे दोघे. एक माझा थोरला भाऊ, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला. दुसरा त्याचा वर्गमित्र, सिन्नरहून एसटीने येणारा. दोघांचेही मागच्या परीक्षेतले दोन-दोन विषय राहिलेले होते, पण ती काळजी त्यांनी आपापल्या आयांवर सोपवली होती. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात. हे दोघे तुंबड्या घेऊन थेट अंतराळात पोचले होते.

निमित्त होतं केबलवर हिंदीत लागणाऱ्या एका सिनेमामालिकेचं. ग्रह, राजघराणी, हातातून आग काढणारे साधू आणि लढाया, लढाया, लढाया. एवढ्या खर्चाचे सिनेमे काढणाऱ्यांनी कोण कोणाला भारी हे स्पष्ट सांगितलं नाही, हा म्हणे केवढा अन्याय! तो निस्तरायला दादाने एका लाँगबुकात रकाने आखले होते: ताकद, वेग, शस्त्र, दैवी शक्ती. प्रत्येकाला शंभरपैकी गुण. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर याची रेघ कधी सरळ आली नाही, पण हे रकाने बघावेत, काय सुबक!

पहिल्या नंबरावर लोखंडी जबड्याचा सरदार होता. तो काही करायचा नाही, नुसता मोठ्याने श्वास घ्यायचा. "त्यो नुसता हुबा राह्यला तरी समोरचा गार व्हतो," असं सिन्नरकरांचं शास्त्रीय मत होतं. आणि यादीत एकोणिसावी होती एक हात नसलेली वैमानिक बाई, जी तिसऱ्या सिनेमात एकटी शत्रूचं सगळं आरमार अडवून धरते. तिच्या वरती, अठराव्या नंबरावर, सामान उचलणारा यंत्रमानव होता.

मला ती बाई फार आवडायची. मी एकदा भाजी निवडता निवडता म्हटलं, "जी एका हाताने हजार जहाजं थांबवते ती हमालाच्या खाली कशी?"

दादाने मान वर न करता सांगितलं, "बाई आहे म्हणून नाही, पण तुला यातलं कळत नाही. चहा टाक जरा."

आई मेथीची जुडी सोडवत होती. ती म्हणाली, "ज्यांना दोन कप चहा स्वतः करून घेता येत नाही ते बलवान कोण ते ठरवणार!" दोघेही मोठ्याने हसले. आपल्याला बोलतात हे त्यांना कळतच नसे.

मी चहा टाकला. अपमान झाल्यावरही चहात आलं नीट ठेचून घालायची सवय होती मला.

त्याच वर्षी घरात कॉम्प्युटर आला आणि टेलिफोनची तार जोडून इंटरनेटही. दादाने शोधून काढलं, की जगभरचे लोक एका पानावर याच विषयावर भांडतात. भांडण मात्र इंग्रजीत. दादाचं शिक्षण घोटीच्या मराठी शाळेत सुरू झालेलं आणि पुढेही मराठीतच राहिलेलं. मी शाळेत जायच्या वेळी आम्ही नाशकात आलो होतो, म्हणून मला इंग्रजी शाळा मिळाली. तेव्हा मला खुर्चीत बसवलं गेलं आणि मी वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी ऐकायचं असं सुरू झालं. पहिले काही दिवस मी इमानाने सांगितलं. बाहेरची माणसंही काही वेगळी नव्हती. बायकापोरं असलेले बाप्ये कोणाच्या तळहातातली आग जास्त तापते यावर पानंच्या पानं लिहीत होते. मूर्खपणाला पासपोर्ट लागत नाही एवढं मला सतराव्या वर्षी समजलं.

मग एका संध्याकाळी मी एक प्राध्यापक जन्माला घातला. अमेरिकेतल्या ओहायोचा, भौतिकशास्त्राचा. पडद्याकडे बघत, अडखळत, भाषांतर करते आहे असं भासवत मी सांगितलं, की त्याच्या मते त्या वैमानिक बाईला पहिल्या पाचांत न घेणाऱ्याला लढाईतलं काही कळत नाही.

"प्रोफेसर म्हनतोय म्हंजी इचार करूनच म्हनत असंल," मित्र म्हणाला. दादाने खोडरबर घेतलं आणि बाई एकोणिसाव्यावरून चौथ्या नंबरावर आली. पिकतं तिथं विकत नाही हे मी ऐकून होते. पण तेच पीक ओहायोचा शिक्का मारून त्याच घरात विकता येतं, हे नवीन होतं. मला हसू आलं आणि रागही आला. रागच जास्त.

पुढे वर्षभर त्या प्राध्यापकाने आमचं लाँगबुक चालवलं.

बारावीचा निकाल लागला. मला पुण्याच्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळत होता. बाबा म्हणाले, "नाशकात कॉलेजं काय कमी आहेत?" आणि मग दादाकडे वळून, "तुला काय वाटतं रे?" विषय राहिलेल्या माणसाने मान हलवली. "मुलीला एवढं लांब कशाला पाठवायचं?" मी तिथेच उभी होते. मला कोणी विचारलं नाही. मला पुण्याला जायचं होतं, दुसरं काहीही नको होतं, आणि फॉर्म भरायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दादाने वाचायला बसवलं. मी प्राध्यापकाला बोलतं केलं. त्याच्याकडे भारतातून आलेले विद्यार्थी आहेत म्हणे, आणि त्यांतले उत्तम ते पुण्याच्या त्याच कॉलेजातले.

दादा पुढे सरकला. "मुलींचं विचार त्याला."

मी काहीबाही टाइप केलं, पाठवलं काहीच नाही. दुसऱ्या संध्याकाळी उत्तर वाचून दाखवलं: मुली तर मुलांपेक्षा पुढे आहेत, हुशार मुलीला अडवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. 'अडाणीपणा'वर मी जरा जोर दिला. दादाने गंभीरपणे मान डोलावली.

जेवायच्या आधी तो बाबांसमोर जाऊन बसला. "मी सगळी चौकशी केलीय," म्हणाला. "हिला पुण्यालाच पाठवायला हवं." प्राध्यापकाचा उल्लेखसुद्धा नाही. मी तोंडात पदर कोंबणाऱ्या आईकडे पाहिलं. तिला बहुतेक सगळं कळलं होतं.

बाबांनी फॉर्म पुढे ओढला, पेन काढलं आणि सही करण्याआधी, काय मनात आलं कोण जाणे, ते माझ्याकडे वळले. "तुझं तू सांग. तुला काय वाटतं?"

हा प्रश्न मला त्या घरात पहिल्यांदा विचारला जात होता. त्यासाठी मी किती दिवस दात-ओठ खाल्ले होते! उत्तर दोन शब्दांचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे माझा आवाजच नव्हता. सगळे थांबले होते. दादा तर मोठ्या उदार चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता.

"दादा म्हणतोय ते बरोबर आहे," मी म्हणाले.