चुकांची वही
घरात कोवळी भेंडी चिरली की तिच्या हिरव्या, चिकट वासाबरोबर मला आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातला तो शनिवार आठवतो. माझ्याकडे संशोधन करणारी पाच मुलं दर शनिवारी अकराला जमायची आणि आधी आपापली आठवड्यातली चूक एका वहीत लिहायची. उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी बोलायची पाळी नाही, हा नियमही माझाच, आणि मला त्याचा फार अभिमान होता. त्या दिवशी राळेगावहून येणारी मुलगी एसटी चुकल्यामुळे अर्धा तास उशिरा, धापा टाकत आली. "सर, मले दोनच मिनिटं बोलू द्या," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी," मी वर न बघताच म्हणालो. ती मागे बसली आणि मीटिंग संपायच्या आत परतीच्या गाडीसाठी निघून गेली. तिची आई दवाखान्यात होती, आणि आठ दिवस संशोधनासाठी विभागातल्या बरणीत पाळलेल्या तिच्या बोंडअळ्यांना कुणीतरी ताजी भेंडी घालावी, एवढंच तिला सांगायचं होतं. हे मला पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा कळलं. तोवर बरणीतली भेंडी काळी पडली होती आणि वर्षभर पिढ्यांमागून पिढ्या जपलेल्या अळ्या मेल्या होत्या. तिने बरणी बघितली, वही ओढली आणि लिहिलं, 'मी उशिरा आले.' "माहीच चूक झाली सर," ती म्हणाली. मी वही मिटली. त्यानंतर ती कधी आली नाही. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, आणि ती चूक अजून तिच्याच नावावर आहे.