अठ्ठावन्न किलोंची जागा

पुस्तकांच्या दोन पेट्या बरोबर नेण्याचा हट्ट माझाच. भाषणाला गेलं की चार पुस्तकं खपतात, ही आशा मला अजून सुटलेली नाही. विमान अठरा जणांचं. असल्या चिमुकल्या विमानात चढण्याआधी सामानासकट माणसालाही काट्यावर उभं करतात, आणि आमच्या विमानतळावर एकतीस वर्षं तो काटा एकाच माणसाच्या हातात आहे. सगळे त्यांना किलोकाका म्हणतात.

काकांनी आकडा पाहिला. "पेट्या एकसष्ट किलो. इथेच मागे ठेवता येतील?"

"काका, लेखक माणूस मी. एवढंच काय ते वजन आहे माझं."

काउंटरवरची मुलगी फिसकन हसली. काका हसले नाहीत. जादा सामानाची पावती मी आधीच फाडून घेतली होती. त्यांनी आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला, बेरीज केली आणि खाली रेघ मारली. त्या दिवशी अंगात गणवेशाऐवजी इस्त्रीचा शर्ट होता, पायाशी कापडी पिशवी.

"काय काका, लग्नाला निघालात की काय?"

"बघू," ते म्हणाले.

विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी तिच्यावर ऐसपैस कोट पसरला.

चौथ्या दिवशी सात पुस्तकं खपवून परतलो, तेव्हा काउंटरवरच्या त्या मुलीने सगळं सांगितलं. पलीकडच्या गावी काकांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. पलीकडचा विमानतळ किती लांब, असं कुणी विचारलं की काका झोपेतही सांगतील, "हवेतून एकशेऐंशी किलोमीटर, चाळीस मिनिटं. वारा समोरचा असला तर पंचेचाळीस." रस्ता मात्र डोंगराला वळसा घालून अकरा तासांचा. आणि कर्मचाऱ्यांच्या फुकट पासावर तेव्हाच बसता येतं, जेव्हा सीटही उरते आणि वजनही. ताई फोनवर टोचायची, "चाळीस मिनिटांवर भाऊ आहे म्हणे माझा. दोन-दोन वर्षं तोंड दिसत नाही मेल्याचं."

त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला होता, ताई सारखी नाव घेतेय. सीट एक उरली होती. काकांचे अठ्ठावन्न किलो उरलेल्या वजनात बसत होते. माझ्या पेट्या आल्या आणि बसेनासे झाले. काकांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडलं, पेट्या वर चढवायला लावल्या आणि दहाची बस पकडली. रात्री नऊला पोचले. ताई पाचला गेली होती.

काका काट्यापाशीच होते. गणवेशात. मी म्हणालो, "काका, एका शब्दाने बोलायचं होतंत माझ्याशी. पेट्या तिथेच टाकून दिल्या असत्या मी."

फडक्याने काटा पुसत ते म्हणाले, "मला ताईशी बोलायचं होतं, तुमच्याशी नाही."